एक पाटा काढला की गाडी मऊ होते का?

पाऊस सरला, खड्डे उघडे पडले आणि ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूरच्या गॅरेजांत दोन उलट्या मागण्या एकाच वेळी येतात. जीपवाला म्हणतो, ‘मिस्त्री, लई आदळतीया, एखादा पाटा कमी करा की.’ (पाटा म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या लीफ स्प्रिंगमधली पोलादी पट्टी.) त्याच्यामागं नंबर लावून उभा असलेला पिकअपवाला म्हणतो, ‘एक पाटा वाढवा, माल टाकला की बसतीया.’ दोघांचंही काम होतं, दोघंही समाधानानं पैसे देतात. पण ती गाडी आता ओल्या वळणावर कशी वागेल आणि अचानक ब्रेक दाबला तर कुठं थांबेल, हे दोघांपैकी एकानंही विचारलेलं नसतं. मिस्त्रीनंही आपणहून सांगितलेलं नसतं. खरं तर पाट्याला हात लावताना पहिला प्रश्न तोच असायला हवा.

पाटा फक्त स्प्रिंग नाही

आजच्या बहुतेक कारना कॉइल स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली तार. बोलेरोला मात्र मागं पाटे आहेत. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसला पुढं-मागं पाटे, जिप्सीला चारही चाकांना. ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीसुद्धा मागच्या बाजूला पाट्यांवरच चालायच्या.

कॉइल स्प्रिंगचं काम एकच, वजन पेलायचं. एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, पुढं-मागं किंवा आडवा सरकू नये म्हणून तिथं वेगळे दांडे लावावे लागतात. पाट्यांच्या गाडीत हे दांडे नसतात. इंजिनची ताकद चाकातून जमिनीवर जाते आणि गाडी पुढं ढकलली जाते ती पाट्यातून. ब्रेक लागला की एक्सल फिरू पाहतो, त्याला धरून ठेवतो तोही पाटाच. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते तेव्हा एक्सलला जागेवर ठेवणं हेही त्याच्याच गळ्यात. म्हणून कॉइल बदलली तर मुख्यतः गाडीचा मऊपणा आणि उंची बदलते. पाटा बदलला की स्टिअरिंग आणि ब्रेकसुद्धा थोडे बदलतात.

चार-पाच शब्द आधी बघून घेऊ. सगळ्यात लांब, दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला तो मेन पाटा. त्याच्याखाली उतरत्या लांबीचे बाकीचे. सगळ्यांना मधोमध ओवणारा सेंटर बोल्ट, आणि हा गठ्ठा एक्सलला आवळणारे यू बोल्ट. मागच्या पाट्याचा पुढचा डोळा सहसा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्का जोडलेला असतो. मागचा डोळा एका झुलत्या कडीला असतो, तिला शॅकल म्हणतात. पाटा दबून सपाट झाला की त्याची लांबी वाढते, आणि ती वाढीव लांबी शॅकल झुलून सामावून घेते.

एकच जाड पट्टी का नाही वापरत?

पत्त्यांचा नवा जोड दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. सहज वाकतो, कारण प्रत्येक पान शेजारच्या पानावरून किंचित घसरतं. तीच पानं डिंकानं चिकटवली तर जोड वाकणार नाही. पाट्यांचं नेमकं हेच आहे. सारख्या जाडीचे पाच सुटे पाटे एका पाट्याच्या पाचपट कडक असतात, पण ते पाचही एकजीव करून एकच ठोकळा केला तर तो एका पाट्याच्या १२५ पट कडक होतो. कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो, संख्येनं मात्र साध्या पटीनं. पाटा जितका लांब तितका मऊ, आणि हा हिशेबही घनाचाच.

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, जाडी अजून सुतात बोलली जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. अडीच सुताच्या जागी तीन सुताचा पाटा घातला तर हाताला फरक जेमतेम जाणवतो. पण त्या एका पाट्याचा कडकपणा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो! ‘थोडा जाड घालतो, टिकंल’ असं कुणी म्हटलं तर त्या ‘थोडा’चा अर्थ हा आहे.

उलट बाजूनं, दोन सुताचे दोन पाटे मिळून अडीच सुताच्या एकाच पाट्याएवढे कडक होतात. तेवढंच वाकल्यावर पातळ पाट्यावर ताणही कमी येतो. त्यामुळं पाट्यांची नुसती संख्या मोजून गाडी कडक की मऊ ते ठरत नाही. दहा पातळ पाट्यांची गाडी पाच जाड पाट्यांच्या गाडीपेक्षा मऊ असू शकते.

‘आदळते’ म्हणजे नक्की काय होतं?

गाडीच्या वजनानं पाटा किती सेंटिमीटर दबतो यावरून ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होणार ते ठरतं. २५ सेंटिमीटर दबला तर सेकंदाला एक हेलकावा. १० सेंटिमीटरला दीड-पावणेदोनच्या मध्ये. ६ सेंटिमीटरला दोन. माणसाला साधारण एक ते दीड हेलकावे सुसह्य वाटतात. त्यापुढं कंबर बोलायला लागते.

मालवाहू गाडीचे पाटे भरल्या वजनासाठी बनवलेले असतात. समजा, मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन ६०० किलो येतं आणि माल भरला की दोन टन. भरलेली असताना ती सेकंदाला सव्वा वेळा हेलकावत असेल तर रिकामी असताना सव्वादोन वेळा हेलकावेल. म्हणून गूळ उतरवून शाहू मार्केट यार्डातून रिकामी परतणारी पिकअप प्रत्येक गतिरोधकावर उडते. यात पाटा बिघडलेला नसतो. दोन टनांसाठी केलेला पाटा ६०० किलोला दाद देत नाही, इतकंच.

आता जीपवाल्याच्या मागणीकडं वळू. पाच सारख्या पाट्यांतला एक काढला तर कडकपणा एक पंचमांशानं घटतो. पाटा आधी ६ सेंटिमीटर दबत असेल तर आता साडेसात दबेल, गाडी दीड सेंटिमीटर खाली बसेल. हेलकावे मात्र दोनावरून १.८ वर, म्हणजे जेमतेम दहा टक्क्यांनी कमी. आणि उरलेल्या चार पाट्यांवरचा ताण २५ टक्क्यांनी वाढतो. पोलाद थकून तुटतं ते वारंवार येणाऱ्या ताणामुळं. ताण पाव पटीनं वाढला की आयुष्य त्याहून कितीतरी जास्त घटतं. शिवाय गाडी खाली आल्यामुळं एक्सल रबर स्टॉपरच्या जवळ जातो. मग मोठ्या खड्ड्यात जो दणका बसतो तो आधीच्या आदळण्यापेक्षा वाईट.

कुठला पाटा काढला यानंही फरक पडतो. मेन पाट्याखालचा दुसरा पाटा बऱ्याच गाड्यांत मेनच्या डोळ्याला थोडा वेढा घालून असतो. मेन पाटा डोळ्यापाशी तुटला तरी एक्सल निसटू नये म्हणून ही सोय. तो कधीही काढू नये. मधल्या लांबीचा काढला तर वरच्या पाट्याला आधार एकदम तुटक मिळतो, आणि आधार जिथं संपतो नेमका तिथंच तो तडकतो.

छोट्या खड्ड्यांत धक्का जास्त का बसतो?

बऱ्याच गाड्यांत आदळण्याचं खरं कारण कडकपणा नसून घर्षण असतं, असं माझं मत आहे. पाटे एकमेकांवरून घसरतात म्हणून वाकतात. त्यांच्यामध्ये गंज, चिखल आणि शेतातली माती जाऊन बसली की छोट्या धक्क्यानं ते घसरतच नाहीत. तेवढ्यापुरता सगळा गठ्ठा ठोकळ्यासारखा वागतो आणि धक्का थेट सीटवर येतो. मोठ्या खड्ड्यात जोर जास्त असतो, पाटे सुटतात, गाडी बरी वाटते. तुमची जीप डांबरावरच्या बारीक खडबडीला त्रास देत असेल आणि मोठ्या खड्ड्यात मात्र ठीक असेल, तर संशय आधी गंजावर घ्या.

जळकं ऑईल मारायची जुनी पद्धत आहे. थोडे दिवस बरं वाटतं, पण त्यावर धूळ चिकटून काळा थर तयार होतो, आणि ते ऑईल बुशला, म्हणजे डोळ्यात बसवलेल्या रबरी नळीला, लागलं की बुश फुगून खराब होतो. पाटे उलगडून, घासून, त्यांच्यामध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बांधणं हे काम जास्त आहे पण टिकतं. टोकांमध्ये प्लॅस्टिकचे लायनर असतील तर ते झिजलेत का तेही पाहावं.

एक अडचण आहे. हे घर्षण थोडंफार शॉकअपचं, म्हणजे हेलकावे आवरण्याचं, कामही करत असतं. ते काढून टाकलं आणि शॉकअप आधीच गेलेले असतील तर गाडी डुलायला लागेल. डुलली तर शॉकअप बदला, ग्रीसला दोष देऊ नका.

पॅराबोलिक पाटा म्हणून जो प्रकार ऐकायला मिळतो तो याच त्रासावरचा उपाय आहे. मधे जाड आणि टोकांकडं पातळ होत गेलेले मोजके पाटे. एकमेकांना टेकतात ते फक्त मधे आणि टोकांना. घर्षण कमी, वजनही कमी. पाट्याला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगायला हवं की २०१५ च्या व्होल्वो एक्ससी-९० ला मागं आडवा, फायबर-संमिश्राचा पाटाच होता.

वळणावर काय बदलतं?

गगनबावड्यावरून पावसात करूळ घाट उतरताना मागं कडक केलेली रिकामी पिकअप चालवून बघा असं मी कुणाला सुचवणार नाही. पण काय होतं ते समजून घेता येतं.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. पुढची जोडी आणि मागची जोडी हे ओझं वाटून घेतात; जी बाजू जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त. मागचे पाटे कडक केले की मागचं बाहेरचं चाक जास्त भरतं आणि आतलं हलकं पडतं. टायरची गंमत अशी की वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळं एक भरलेलं आणि एक हलकं अशा जोडीची एकूण पकड सारख्या वाटलेल्या जोडीपेक्षा कमी असते. त्यात गाडी रिकामी, रस्ता ओला, खाली खडबड. कडक पाट्यावर चाक खडबडीतून उडत असतं आणि उडालेलं चाक काही धरत नाही. परिणाम, मागची बाजू बाहेर सरकते. आणि पुढचे पाटे तसेच ठेवून मागचे मऊ केले तर उलट, गाडी वळायलाच नाखूश होते आणि जास्त कलते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. मागचा एक्सल पाट्याच्या पुढच्या डोळ्याभोवती कमानीत फिरतो. गाडी कलली की बाहेरचं चाक वर जातं, आतलं खाली, आणि त्याबरोबर दोन्ही चाकं किंचित पुढं-मागंही सरकतात. म्हणजे मागचा एक्सल स्वतःच थोडा वळतो, स्टिअरिंगला न विचारता. कंपनी डोळ्याची उंची अशी ठेवते की हे वळणं गाडीला स्थिर ठेवेल. गाडी उंच केली की तो डोळा एक्सलच्या तुलनेत वर जातो. मग कललेल्या गाडीत बाहेरचं चाक मागं सरकतं, आतलं पुढं येतं, आणि मागची चाकं वळणाच्या बाहेर तोंड करतात. चालवणाऱ्याला वाटतं, शेपूट आपल्या मनानं चाललीय. त्याचा हा समज चुकीचा नसतो.

उंच करायची हौस

मोठे टायर घालायचे म्हणून जीप वर घेण्याचे चार मार्ग दिसतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. मूळच्यापेक्षा दोन इंच जास्त लांब शॅकल लावलं तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण एक्सल पाट्याच्या मधोमध आहे आणि उचललं गेलंय फक्त एक टोक. त्यात एक्सल थोडा फिरतो. मागं हे झालं तर गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा, म्हणजे क्रॉसचा, कोन बदलतो आणि ठरावीक वेगाला घरघर येते. पुढं झालं तर स्टिअरिंग सरळ परत येण्याचा गुण बिघडतो. लांब शॅकल आडवंही जास्त हलतं.

दुसरा मार्ग, पाटा आणि एक्सलच्या मध्ये ठोकळा. ठोकळा जितका उंच तितकी तरफ मोठी. जोरात वेग घेताना किंवा ब्रेक मारताना एक्सल फिरू पाहतो आणि पाटा ‘एस’सारखा मुडपतो, मागून धडधड ऐकू येते ती हीच. पुढच्या एक्सलला ठोकळा घालणं तर मला सरळ धोक्याचं वाटतं, कारण ब्रेकचा मोठा भार तिथंच असतो. तिसरा मार्ग म्हणजे एक्सलच्या खाली असलेले पाटे एक्सलच्या वर बसवणं. यात गाडी बरीच उंच होते, आणि स्टिअरिंगचे दांडे, ब्रेकचे पाइप, शॉकअप हे सगळंच नव्यानं करावं लागतं. ते न करता फक्त पाटे हलवले तर ती गाडी डोंगरावरच बरी, हायवेवर नको. चौथा मार्ग जास्त कमानीचे नवे पाटे, आणि चारांत बरा तोच.

पिकअपवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. काही गाड्यांत मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हला दांडी जोडलेली असते. गाडी किती दबली यावरून तो माल किती आहे ते ओळखतो आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटे वाढवून गाडी उंच आणि कडक केली की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मग मागचे ब्रेक पुरेसे लागत नाहीत, तेही नेमके भरल्या गाडीला.

‘ट्रकवाले वर्षानुवर्षं पाटे वाढवतात, काय झालं त्यांना?’

हा प्रश्न हमखास येतो. उसाच्या हंगामात तर पाटे वाढवले नाहीत तर धंदाच होत नाही, असंही सांगितलं जातं. पाटा वाढवल्यानं गाडी बसत नाही, हे खरंच आहे. पण गाडी किती वजन नेऊ शकते हे पाटा एकटा ठरवत नाही. बेअरिंग, टायर, ब्रेक, एक्सलची नळी, चासी, सगळ्यांची मर्यादा जिथल्या तिथं राहते. पाटा वाढवून आपण फक्त गाडीचं बसणं थांबवतो, म्हणजे जास्त भरल्याची जी एक खूण डोळ्यांना दिसत होती तीच पुसतो.

भार वाढवायचाच नसेल आणि भरल्यावर गाडी जरा जास्त बसते एवढीच तक्रार असेल, तर सगळ्यात खाली सपाट हेल्पर पाटा हा शहाणा उपाय आहे. रिकाम्या गाडीत तो टेकतच नाही, त्यामुळं आदळणं वाढत नाही. माल भरल्यावर टेकतो आणि मग कामाला लागतो. जुन्या पाट्यांत मधेच एक जाड पाटा घुसवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. तो जाड पाटा जास्त भार स्वतःवर ओढून घेतो आणि पहिला तुटतो.

गॅसनं तापवून कमान दिली तर?

नको. पाट्याचं पोलाद सिलिको-मँगनीज किंवा क्रोमियमचं असतं, पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, मग ठरावीक तापमानाला सावकाश उतरवलेलं. गॅसच्या ज्योतीनं एखादा भाग लालबुंद केला की तिथला हा संस्कार निघून जातो. पाटा त्या जागी मऊ पडतो, आणि दिलेली कमान काही आठवड्यांत परत बसते. वेल्डिंग त्याहून वाईट. वेल्डच्या शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि तिथून पाटा काचेसारखा तुटतो. थंड अवस्थेत प्रेसवर किंवा घणानं कमान देता येते, पण घणाचे वळ ज्या बाजूला ताण येतो त्या वरच्या बाजूला पडले तर भेगेची सुरुवात तिथूनच होते. पूर्ण पाटा भट्टीत घालून, पाणी देऊन, परत उतरवून देणारा कारागीर मिळाला तर गोष्ट वेगळी. नाहीतर नवा पाटा स्वस्त पडतो.

आणि एका बाजूला झुकली म्हणून फक्त त्याच बाजूला पाटा घालू नका. आधी बुश, शॅकल आणि तुटका पाटा शोधा. पाटे बदलायचे तर जोडीनं.

आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा माल भरल्याचा दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. झिजलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा नवा पाटा घालणं ही मात्र साधी दुरुस्ती आहे.

मग मऊ कशी करायची?

आधी टायरमधली हवा बघा. भरल्या मालाची हवा भरून रिकामी गाडी पळवणारे भरपूर आहेत. कंपनीनं दोन वेगळे आकडे दिलेले असतात. मग शॉकअप गळतोय का, बुश फाटलेत का, शॅकल हातानं झुलतंय का की जाम झालंय, ते पाहा. त्यानंतर पाटे उलगडून साफ करणं. एवढ्यावर बऱ्याच गाड्यांची तक्रार मिटते आणि पाटा काढायची वेळ येत नाही.

तरीही गाडी कडकच वाटत असेल, आणि तुम्ही कधीच माल भरत नसाल, तर त्याच गाडीच्या हलक्या मॉडेलचे पाटे किंवा पॅराबोलिक जोडी घ्या, शॉकअप त्याला जुळणारे घ्या. एका वेळी एकच बदल करा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते कळत नाही आणि मिस्त्रीशी वाद तेवढा होतो.

बसवताना तीन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवा. यू बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. आणि थोडं चालवून झालं की ते पुन्हा आवळून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यावर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी विनाकारण कडक वाटते आणि बुश लवकर फाटतो. तिसरं, काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपनं मोजून लिहून ठेवा, काम झाल्यावर परत मोजा. मागची बाजू वर-खाली झाली असेल तर हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी लावून घ्या, आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी असेल तर तीही जुळवून मागा.